टॉवर उभे राहतील. समाज उभा राहील काय?

ठाणे शहरातील किसननगर, लोकमान्यनगर, हाजुरी, राबोडी, कोपरी असो किंवा कल्याण-डोंबिवलीतील कोळसेवाडी, नेतिवली, कचोरे, वालधुनी असो. आज कोणत्याही वस्तीत जा, चार माणसे जमली की विषय एकच निघतो, तो म्हणजे पुनर्विकास. कोणी क्लस्टरचे बोलतो, कोणी एसआरएचे. कोणाच्या हातात संमतीपत्राचा छापील कागद असतो. खोली किती चौरस फुटांची मिळणार, भाडे किती महिन्यांचे मिळणार, पोटमाळ्याचा हिशेब धरणार की नाही, पात्र कोण आणि अपात्र कोण, यावर रात्री बारापर्यंत चर्चा चालते. ही चर्चा झालीच पाहिजे. घर हा गरीब माणसाच्या आयुष्याचा प्रश्न आहे. परंतु या साऱ्या गदारोळात एक प्रश्न कोणीच विचारत नाही आणि तोच आम्हाला आज वाचकांपुढे ठेवायचा आहे. खोलीच्या बदल्यात खोली मिळेल. पण गल्लीच्या बदल्यात काय मिळणार? विहार कुठे जाणार? समाज मंदिर, अभ्यासिका, बालवाडी, महिला मंडळाची खोली, बचत गटाची बैठक, जयंती उत्सव समितीचे कपाट, हे सारे कोणत्या मजल्यावर जाणार?

आम्ही पुनर्विकासाच्या विरोधात नाही, हे आधीच स्पष्ट करतो. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ येथे बांधकाम सुरू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे दगावली. मे २०२५ मध्ये कल्याण पूर्वेत जुन्या इमारतीचा स्लॅब कोसळून सहा जणांचा बळी गेला. डोक्यावर कोसळणारे छप्पर जपून ठेवा, असे सांगणारा माणूस गरिबांचा हितचिंतक असू शकत नाही. दरवर्षी पावसाळ्यात पत्र्यावर प्लॅस्टिक टाकून झोपणाऱ्या माणसाला पक्के घर मिळालेच पाहिजे, तो त्याचा हक्क आहे. आमचे म्हणणे एवढेच की पक्के घर घेताना पक्का समाज हातातून निसटू नये. कारण घर विकासक बांधून देतो. समाज कोणी बांधून देत नाही.

या शहरांत समाज कसा उभा राहिला, हे नव्या पिढीने समजून घेतले पाहिजे. ठाण्याला रेल्वे १८५३ साली आली, कल्याणला १८५४ साली. पुढे कारखाने आले. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत ठरली. मोहने-आंबिवलीला एनआरसी होती, डोंबिवलीला एमआयडीसी आली. कोकणातून, नाशिक-नगरकडून, खानदेशातून आणि १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून माणसे आली. रत्नागिरीचा, बीडचा आणि जळगावचा माणूस एकाच गल्लीत भिंतीला भिंत लावून राहू लागला. बोली वेगळी, जेवणाची तऱ्हा वेगळी, लग्नाच्या रीती वेगळ्या. कोणीही कोणाचा नातेवाईक नव्हता.

मग त्यांना जोडले कशाने? सामायिक कामाने जोडले. नळ एक होता म्हणून रांग एक झाली. रांगेत भांडणारी बाईच रात्री शेजारणीला कळा सुटल्यावर रिक्षा शोधायला धावली. कारखान्याच्या गेटवर युनियन होती. वस्तीत मंडळ होते. आठवड्याची वंदना होती, वर्षावासात तीन महिने दररोज रात्री ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. कोकणातल्या मंडळींनी बौद्धजन पंचायत समितीच्या शाखा चालवल्या, गावचे मंडळ आणि मुंबईचे मंडळ अशी दोन्हीकडची पावती पुस्तके सांभाळली. कोणाकडे मयत झाली तर निरोप देणे, सामान आणणे, स्मशानात लाकडांची पावती फाडणे आणि नंतरच्या पुण्यानुमोदनापर्यंत त्या घराची चूल सांभाळणे हे काम कोणाला सांगावे लागत नव्हते. मुलांना अभ्यासाला जागा नव्हती म्हणून विहारातच अभ्यासिका झाली. आज ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत जे वकील, डॉक्टर, अभियंते, शिक्षक, बँकेचे अधिकारी झाले, त्यांतल्या कितीतरी जणांनी दहावीचा अभ्यास विहाराच्या ट्यूबलाइटखाली केला आहे. ही ट्यूबलाइट समाजाच्या वर्गणीची होती!

संकटात या समाजाची परीक्षा झाली आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात कल्याण, उल्हासनगर, बदलापूर पाण्याखाली गेले, तेव्हा शासनाची होडी येण्याआधी शेजाऱ्याचा हात आला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. हजारावर प्रवासी होते. सरकारी यंत्रणेने त्यांना सुखरूप बाहेर काढले हे खरेच. पण आसपासच्या गावकऱ्यांनीही मदतीला धाव घेतली. २०२० च्या टाळेबंदीत रोजंदारीवरच्या घरांत धान्य संपले, तेव्हा गल्लीतल्या मंडळांनी पोती उचलली. कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही हे शासनाच्या संगणकाला ठाऊक नव्हते, पण समोरच्या घरातल्या बाईला ठाऊक होते. समाज म्हणजे ही माहिती आणि त्या माहितीवर उठून उभे राहण्याची सवय.

आता या समाजाचे आधार एकेक करून निघत आहेत. पहिला आधार कारखान्याचा होता. एनआरसीला २००९ मध्ये टाळे लागले आणि कामगार वसाहतीचे जीवन विस्कटले. वागळे इस्टेटमध्ये यंत्रांचा आवाज बंद होऊन काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. युनियनची जागा कंत्राटदाराने घेतली. दुसरा आधार वेळेचा होता. पाळी सुटली की माणूस संध्याकाळी वस्तीत असायचा. आज आमचा तरुण पहाटे लोकल पकडतो आणि रात्री उभ्याने परततो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि काहींचा जीव गेला, ही त्या प्रवासाची किंमत आहे. अशा माणसाला मंडळाच्या बैठकीला का आला नाहीस, असे कोणत्या तोंडाने विचारणार? तिसरा आधार जागेचा, म्हणजे गल्लीचा आणि विहाराचा. तोही आता पुनर्विकासाच्या नकाशावर आला आहे. ठाण्यात क्लस्टर योजनेची अधिसूचना २०१७ मध्ये निघाली आणि २०२३ मध्ये किसननगरात कामाचा नारळ फुटला. म्हणजे ही उद्याची गोष्ट राहिलेली नाही.

कोणी म्हणेल, इमारतीतही माणसेच राहतात, तिथे समाज होणार नाही काय? होईल, पण आपोआप होणार नाही. एका चाळीतली सत्तर कुटुंबे सोडतीने तीन विंगमध्ये, बावीस मजल्यांवर विखुरली जातात. दार उघडे ठेवण्याची सवय मोडते. नळाची रांग संपते ही आनंदाची गोष्ट आहे. पण रांगेबरोबर बोलणेही संपते. लिफ्ट बंद पडली तर म्हातारे माणूस आठवडाभर खाली उतरत नाही आणि कोणाला पत्ताही लागत नाही. मेंटेनन्सची थकबाकी वाढते, मग पाणी तोडण्याची नोटीस लागते, मग भांडण. कल्याण-डोंबिवलीत बीएसयूपी योजनेत बांधलेली कित्येक घरे वर्षानुवर्षे रिकामी पडून होती. तेव्हा केवळ भिंती उभ्या केल्याने वस्ती होत नाही, हे सांगायला आम्हाला परदेशी तज्ज्ञाची गरज नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये कल्याणच्या योगीधाम परिसरातील एका गृहसंकुलात दारात धूप लावण्यावरून शेजाऱ्यांत वाद झाला. वादाचे पर्यवसान जबर मारहाणीत झाले, प्रकरण नागपूरच्या अधिवेशनात गाजले आणि त्याला मराठी-अमराठी असे स्वरूप आले. ज्याने मारले त्याला कायद्याने शिक्षा व्हावी, याबद्दल दुमत नाही. पण त्या वादाच्या मुळाशी आणखी एक प्रश्न होता, तो कोणत्याही वाहिनीने विचारला नाही. एकाच मजल्यावरच्या दोन घरांत धुराची कुरबुर होते, तेव्हा दोघांना बसवून समजावणारे कोणी का नसते? चाळीत अशी कुरबुर रोज होते आणि रोज मिटते, कारण मिटवणारी चार जुनी माणसे असतात.

दुसरे उदाहरण त्याहून मोठे आहे. खोट्या कागदपत्रांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवून डोंबिवली परिसरात उभ्या केलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. आयुष्याची पुंजी घालून तिथे घर घेतलेली कुटुंबे हवालदिल झाली. यांतला प्रत्येक ग्राहक एकेकटा फसला. आदेश आल्यावर मात्र सारे एकत्र आले. एकत्र येणे आधी झाले असते, एखाद्या समितीने कागद घेऊन महापालिकेत पडताळणी केली असती, तर कदाचित वेळ आली नसती. एकट्या माणसाला फसवणे सोपे असते. विकासकाला हे पक्के ठाऊक आहे. म्हणूनच तो संमतीपत्र सभेत मागत नाही, घरोघर जाऊन मागतो.

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिभेदाचे निर्मूलन’ या भाषणात समाज कशाला म्हणावे याचा विचार मांडला आहे. माणसे जवळजवळ राहतात म्हणून त्यांचा समाज होत नाही. सारख्या चालीरीती पाळतात म्हणूनही होत नाही. एकमेकांशी देवाणघेवाण असावी, एका कामात सर्वांचा वाटा असावा, त्या कामाचे यश सर्वांना आपले यश वाटावे, तेव्हा समाज होतो, असा त्या विवेचनाचा मथितार्थ आहे. हा निकष आपल्या गल्लीला लावून पाहा. गल्ली उत्तीर्ण होते. आता तो निकष नव्या टॉवरला लावून पाहा!

सामायिक कामातून समाज कसा घडतो, याचे एक उदाहरण फार दूरच्या देशातले आहे. युरोपच्या उत्तरेला बाल्टिक समुद्राकाठी एस्टोनिया नावाचा देश आहे. लोकसंख्या तेरा-चौदा लाखांच्या घरात. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास होती आणि ठाणे शहराची अठरा लाखांच्या वर. म्हणजे आमच्या एका महापालिकेएवढा हा देश! पण त्याचा इतिहास आपल्या वाचकांना ओळखीचा वाटेल. तिथला मूळ शेतकरी शतकानुशतके जर्मन जमीनदारांचा भूदास होता. जमीनदाराच्या परवानगीवाचून त्याला गाव सोडता येत नव्हते. त्याची भाषा गावंढळ समजली जात होती. १८१६ आणि १८१९ च्या कायद्यांनी ही भूदास प्रथा कागदोपत्री संपली, पण जमीन मात्र मालकाकडेच राहिली. कायद्याने मुक्ती आणि जगण्यात गुलामी, हा अनुभव आम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज आहे काय?

या माणसांनी काय केले? त्यांच्याकडे पैसा नव्हता, सत्ता नव्हती. त्यांनी मंडळे काढली. गायनाची मंडळे, वाचनाची मंडळे, शेतकऱ्यांची मंडळे, आग विझवणारी पथके, दारूबंदीची मंडळे. १८५७ साली यान्सेन नावाच्या शिक्षकाने आपल्या लोकांच्या भाषेत वृत्तपत्र सुरू केले. त्याच यान्सेनच्या पुढाकाराने १८६९ साली तार्तू शहरात भूदास मुक्तीच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त पहिला गीत महोत्सव भरला. आधी वृत्तपत्र, मग मंडळे, मग महोत्सव. १९२० साली ‘मूकनायक’ आणि १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा हा आपला क्रम ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे मर्म लगेच कळेल. पुढे त्या देशात ठिकठिकाणी गावकऱ्यांनी ‘राहवामाया’ बांधल्या. या शब्दाचा अर्थ लोकांचे घर. नाटक, वाचनालय, सभा, नाच, लग्न, सारे तिथे. आपण त्याला समाज मंदिर म्हणतो.

१९४० साली सोव्हिएत रशियाने हा देश गिळला. १९४९ च्या मार्चमध्ये काही दिवसांत सुमारे वीस हजार माणसांना, त्यांत बायका-मुले अधिक, सैबेरियाकडे नेण्यात आले. तरीही गीत महोत्सव बंद पडला नाही. १९८८ मध्ये लाखो लोक मैदानात जमून रात्र-रात्र गाऊ लागले. २३ ऑगस्ट १९८९ रोजी एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुएनिया या तीन देशांतल्या सुमारे वीस लाख माणसांनी हातात हात घेऊन सहाशे किलोमीटरची साखळी केली. २० ऑगस्ट १९९१ रोजी देश पुन्हा स्वतंत्र झाला. गाण्याने स्वातंत्र्य मिळाले, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. सोव्हिएत राज्यच मोडकळीला आले होते. पण राज्य मोडले तेव्हा उभे राहायला तिथे समाज तयार होता, कारण एकत्र जमण्याची सव्वाशे वर्षांची तालीम झालेली होती. आजही ती सवय टिकून आहे. ३ मे २००८ रोजी त्या देशात सुमारे पन्नास हजार स्वयंसेवकांनी एका दिवसात जंगलांतला आणि रस्त्यांकडेचा हजारो टन कचरा उचलला. २०१८ पासून तर तिथे कायद्यानेच प्रत्येक सदनिकांच्या इमारतीची रहिवासी संस्था अस्तित्वात येते. बिल्डरची मेहेरबानी लागत नाही. आमच्याकडे मात्र कित्येक सोसायट्या अजून जमिनीच्या मालकीसाठी डीम्ड कन्व्हेयन्सचे अर्ज घेऊन हिंडत आहेत.

परंतु त्या देशाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सोव्हिएत काळात येऊन राहिलेले रशियन भाषिक लोक तिथे मोठ्या संख्येने होते. स्वातंत्र्यानंतर नागरिकत्वाचे नियम असे झाले की १९९२ मध्ये लोकसंख्येचा जवळजवळ तिसरा हिस्सा कोणत्याच देशाचा नागरिक राहिला नाही. पुढे ही संख्या बरीच घटली, पण प्रश्न पुरता मिटला नाही. जो समाज हातात हात घेऊन उभा राहिला, त्याच समाजाने काहींना साखळीबाहेर ठेवले. समाज माणसाला उभे करतो आणि समाजच माणसाला दाराबाहेर ठेवतो. ही दुसरी बाजू आमच्याइतकी कोणाला ठाऊक असणार?

महाराष्ट्राच्या खेड्यातही परस्पर मदतीची थोर परंपरा होती, असे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. इर्जिक होती, सावड होती. होय, होती. एकाच्या शेतात सारे गाव नांगर घेऊन जात असे आणि नंतर जेवण होत असे. पण त्याच गावात महाराच्या वाट्याला इर्जिक नव्हती, वेठ होती. गावाचे सांगावे पोचवायचे, मेलेली जनावरे ओढायची, मोबदल्यात वतनाचा तुकडा आणि भाकर तुकडा. १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने संपवावी लागली. म्हणूनच ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी गावाचे गोडवे गाणाऱ्यांना खडसावले आणि संविधानाने गाव हा घटक न मानता व्यक्ती हा घटक मानला, याबद्दल समाधान व्यक्त केले. कोकणात गावकीने कुटुंबे वाळीत टाकण्याचे प्रकार एवढे झाले की महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा करावा लागला. तो जुलै २०१७ पासून लागू आहे.

आणि हे केवळ खेड्यात चालते असे समजू नये. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात १५ एप्रिल २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सदस्यत्व एकाच समाजापुरते ठेवणारा संस्थेचा उपविधी वैध ठरवला. संघटना स्थापण्याच्या स्वातंत्र्याचा आधार त्याला मिळाला. लहानशा अल्पसंख्य समाजाने स्वतःची वसाहत राखणे आम्ही समजू शकतो. पण याच तर्काचा आडोसा घेऊन उद्या बलवान जाती आपापली संकुले बंद करू लागल्या, तर आमच्या मुलांनी घर कुठे घ्यायचे? आडनाव ऐकून ‘घर देऊन झाले’ असे सांगणारे दलाल ठाण्यात आणि डोंबिवलीत आजही भेटतात. त्यासाठी त्यांना कोणत्या उपविधीची गरज पडत नाही.

तेव्हा समाज हवा, पण कोणता? ज्याला दार आहे तो हवा. ज्याला कुसू आहे तो नको. तथागतांच्या संघात न्हावी उपाली आला आणि भंगी सुनीतही आला. संघात प्रवेश जन्माने नव्हता; नियम मान्य करणाऱ्याला होता. संघाला नियम होते, बैठका होत्या, मतभेद मिटवण्याची रीत होती. त्रिशरणातले तिसरे शरण संघाला आहे, हे आपण रोज म्हणतो. संघ म्हणजे गर्दी नव्हे, हे मात्र जयंतीच्या डीजेपुढे विसरतो.

या निकषावर आपल्या घरातली झाडाझडती घेतली पाहिजे. एका वस्तीत तीन जयंती समित्या कशासाठी? कोकणचा वेगळा, मराठवाड्याचा वेगळा, विदर्भाचा वेगळा, असे गट लग्न जुळवताना अजून का निघतात? वस्तीतल्या मातंग, चर्मकार, आदिवासी, मुस्लिम कुटुंबाला आपल्या अभ्यासिकेत आपलेपणा वाटतो काय? तार्तूच्या पहिल्या महोत्सवात केवळ पुरुषांची पथके गायली होती. पुढे तिथे बायकाही आल्या. आपल्या विहारात झाडलोट, फुले, खीर, वंदना हे सारे महिला मंडळ करते आणि अध्यक्ष, सचिव, खजिनदार मात्र पुरुष असतात. हे किती वर्षे चालणार? ज्या बाईने तीस वर्षे बचत गटाचा एक रुपया इकडचा तिकडे होऊ दिला नाही, तिच्या हातात विहाराचे पासबुक द्यायला कोणाचे हात थरथरतात?

आता कायद्याचे बोलू. कारण समाज भावनेने उभा राहतो, पण पुनर्विकासात तो कागदावर असेल तरच टिकतो. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मंडळांची कथा एकसारखी असते. चाळीस वर्षांपूर्वी नोंदणी झाली. त्या वेळचे विश्वस्त वारले. नवीन मंडळींनी बदल अहवाल दाखलच केला नाही. हिशेब वहीत आहे, लेखापरीक्षण नाही. वीजबिल कोणा एका माणसाच्या नावाने. अशा विहाराला विकासक विचारतो, तुमचा कायदेशीर प्रतिनिधी कोण? आणि आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो.

म्हणून पहिली गोष्ट, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात आपल्या मंडळाची आजची नोंद काय आहे ती प्रत काढा. बदल अहवाल प्रलंबित असतील तर दाखल करा. नोंदणीकृत न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ३६ तसे सांगते. हे संरक्षण नोंद असलेल्यालाच मिळते.

दुसरी गोष्ट, सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या आदेशानंतर महाराष्ट्रात सार्वजनिक जागेवरील अनधिकृत धार्मिक स्थळांची वर्गवारी झाली. नियमित करायची, पाडायची आणि स्थलांतरित करायची असे ‘अ’, ‘ब’, ‘क’ वर्ग केले गेले. आपला विहार महापालिकेच्या यादीत आहे काय, आणि असल्यास कोणत्या वर्गात, हे माहितीच्या अधिकारात विचारा. बुलडोझर दारात आल्यावर विचारून उपयोग नाही.

तिसरी गोष्ट, एसआरए योजनेत रहिवाशांची पात्रता परिशिष्ट-२ मध्ये ठरते. सर्वेक्षणाच्या वेळी आपण आपापली खोली मोजून घेतो आणि विहार, वाचनालय, बालवाडी यांच्याकडे कोणाचे लक्ष नसते. त्यांची मोजणी, छायाचित्रे, क्षेत्रफळ यांची नोंद लेखी घ्या. मुंबईच्या विकास नियमावलीत पुनर्वसनात धार्मिक वास्तूचे क्षेत्रफळ पूर्वीपेक्षा वाढवता येत नाही असे तत्त्व आहे. म्हणजे आज जी नोंद होईल ती कायमची मर्यादा ठरू शकते. आणि बालवाडी, कल्याण केंद्र, सोसायटी कार्यालय यांची तरतूद झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत असते. नकाशात ती कुठे दाखवली आहे, हे संमतीपत्रावर सही करण्याआधी पाहा. तळमजल्यावर दुकानाचे गाळे आणि बालवाडी जिन्याखाली, असा नकाशा चालवून घेऊ नका.

चौथी गोष्ट, सोडतीची. घरांची सोडत गल्लीवार किंवा गटवार काढावी, जुने शेजारी एका विंगमध्ये राहावेत, वृद्ध आणि अपंगांना खालचे मजले मिळावेत, रुग्णाचे स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट असावी, या मागण्या सर्वसाधारण सभेच्या ठरावात घ्या आणि त्या करारनाम्यात लिहून घ्या. तोंडी आश्वासनाला न्यायालयात किंमत मिळवणे किती कठीण असते, हे आम्ही रोज पाहतो.

पाचवी गोष्ट, नव्या सोसायटीची. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात व्यवस्थापक समितीवर महिलांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागांची तरतूद आहे. त्या जागा रिकाम्या ठेवू नका आणि त्यांवर नावापुरती माणसेही बसवू नका. सोसायटीची निवडणूक ही आपल्या तरुणांसाठी लोकशाहीची पहिली शाळा आहे. इतिवृत्त लिहिणे, हिशेब वाचणे, विरोधी मत नोंदवणे आणि सभा संपल्यावर विरोधकाबरोबर चहा घेणे, हे ज्याला जमेल तोच उद्या नगरसेवक म्हणूनही काही कामाचा ठरेल.

काही कार्यकर्ते म्हणतील, देशात संविधानावर संकट आहे आणि तुम्ही लिफ्ट आणि बालवाडीचे काय घेऊन बसलात? आमचे उत्तर असे की, बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात स्वातंत्र्य, समता आणि बंधुता वेगवेगळ्या करता येणार नाहीत असा इशारा दिला होता. स्वातंत्र्य आणि समतेसाठी न्यायालयात जाता येते. बंधुतेसाठी कोणत्या न्यायालयात अर्ज करणार? ती जिन्यात, नळावर, अभ्यासिकेत आणि मयतीच्या घरीच तयार होते. जिथे ती तयार होते ती जागाच गेली, तर मोर्चाला माणसे कुठून आणणार? आजवरच्या प्रत्येक मोर्चाचा निरोप विहाराच्या फळ्यावर लिहिला गेला आहे.

ज्या वस्तीत संमतीपत्रे फिरत आहेत, तिथल्या मंडळांनी येत्या रविवारी विहारात बैठक बोलवावी. बौद्ध असोत वा नसोत, गल्लीतल्या प्रत्येक घरातून एक बाई आणि एक तरुण यावा. विकासकाचा नकाशा भिंतीला लावावा आणि त्यात आपला विहार, आपली बालवाडी, आपली अभ्यासिका बोट ठेवून शोधावी. सापडली तर क्षेत्रफळ विचारावे. सापडली नाही तर ती नकाशात येईपर्यंत एकानेही सही करू नये.